बॉनेटखालचं जग

दिवाळीत पोरांनी मातीचा किल्ला केला नाही, असं मराठी घर विरळाच. हल्ली अंगण गेलं, गॅलरी आली. तरी किल्ला होतोच. आणि त्या किल्ल्यात एक गंमत हमखास असते. दरवाजा दोन बोटं उंच आणि पहाऱ्यावरचा मावळा चांगला चार बोटं! हा गडी आत जाणार कसा? पोरांना हा प्रश्न पडत नाही. पडतो तो कडेला खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना. ते म्हणतात, ‘‘अरे, दरवाजा तरी मोठा करा, नाहीतर मावळा तरी लहान आणा.’’

मंडळी, आजचा विषय आहे तो ज्यांना हा प्रश्न रात्रंदिवस पडतो अशा माणसांचा. ही माणसं मोटारींची छोटी मॉडेल्स करतात. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा किट आणायचा, भाग सुटे करायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. इथवर ठीक आहे. पण यातल्या काहींचं तेवढ्यावर भागत नाही. ते बॉनेट उघडतात आणि आतल्या बोटभर इंजिनाला स्वतःच्या हातांनी केलेल्या वायरी, नळ्या, स्प्रिंगा, बोल्ट बसवत महिनोन् महिने घालवतात. मग बॉनेट लावून टाकतात. पाहणाऱ्याला दिसते ती फक्त चकचकीत गाडी!

आता यावर घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘‘जे दिसणारच नाही, त्याच्यासाठी डोळे कशाला फोडायचे?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र मला बंगळुरूत, एका काकांच्या टेबलापाशी मिळालं. ते सांगतोच. पण आधी हा छंद नेमका काय आहे, ते पाहू.

मोटारींच्या मॉडेल्समध्ये १:२४ हे प्रमाण फार चालतं. म्हणजे खऱ्या गाडीतले चोवीस सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. हा चोवीसचा आकडा आला फूट-इंचांच्या हिशोबातून. एका फुटाला अर्धा इंच धरा, बरोबर १:२४ होतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी कित्येकांनी मुलांना दाखवलं असेल. १९९८ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयातल्या गाड्या १:८७ च्या. त्या मानाने १:२४ ची मोटार म्हणजे मोठीच म्हणायची. हातात धरून न्याहाळता येते.

पण किटमध्ये इंजिन कितपत असतं? पुष्कळशा किट्समध्ये ते नसतंच. बॉनेट बंद, खाली पोकळ. ज्यात असतं त्यात दहा-बारा भाग मिळतात. इंजिनाचा ठोकळा, वरचं झाकण, पंखा, एअर फिल्टरचा डबा, बॅटरी. बस्स! वायर एक नाही, नळी एक नाही. म्हणजे स्वयंपाकघरात ओटा आहे, शेगडी आहे, बेसिनही आहे. पण शेगडीला गॅसची नळी नाही आणि बेसिनला पाइप नाही. दिसायला स्वयंपाकघर, पण तिथे चहा होणार नाही. हा ‘चहा होईल’ असा भास निर्माण करणं, हे या छंदातलं खरं काम.

हे काम कुठवर जाऊ शकतं, याचं एक उदाहरण म्हणजे इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह. त्यांनी किटचाही आधार सोडला. ड्युसेनबर्गसारख्या जुन्या उमरावी मोटारी ते १:१५ प्रमाणात धातूतून अथपासून इतिपर्यंत स्वतः घडवत आणि आपली पद्धत त्यांनी पुस्तकांतून इतरांना शिकवलीही. अर्थात आपल्याला तेवढं लांब जायला नको.

पद्मिनीचं इंजिन

आमच्या ओळखीचे हे काका मल्लेश्वरमला राहतात. मूळचे कोल्हापूरचे, पण हयात बंगळुरूत गेली. नोकरी एचएमटीच्या घड्याळांच्या कारखान्यात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली इथे घड्याळं बनायला लागली आणि पुढे एचएमटीचं घड्याळ मनगटावर नसलेला नवरदेव मिळणं मुश्कील झालं! ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. काका त्याआधीच निवृत्त झालेले. पण डोळ्याला लावायचं भिंग, बारीक टोकाचे चिमटे आणि न थरथरणारा हात एवढी पुंजी त्यांच्यापाशी शिल्लक होती.

काकांची गाडी होती प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० या इटालियन गाडीचा हा आपला देशी अवतार. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बने. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकायची ती गाडी मध्यमवर्गाच्या घरची लेक झाली. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर.

काकांची पद्मिनी त्याच्या काही वर्षं आधीच गेली. काकू वारल्यानंतर गाडी दोन वर्षं आवरणाखाली उभी होती. उंदरांनी वायरी कुरतडल्या, टायर बसले. सोसायटीत पार्किंगची चणचण. शेवटी गुजरीवाल्याने, म्हणजे आपल्या भाषेत भंगारवाल्याने, ती नेली. काकांनी ठेवून घेतलं ते फक्त गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक. पानं सुटलेली, ऑइलचे ठसे उमटलेली.

मग एके दिवशी नातवाच्या खेळण्यांत त्यांना काळी-पिवळी टॅक्सी सापडली. प्लास्टिकची, मागे ओढून सोडली की पळणारी. काकांनी पट्टी लावली. लांबी सोळा सेंटीमीटरच्या आसपास. खरी पद्मिनी जवळपास चार मीटर लांब. भागाकार केला, उत्तर चोवीसच्या जवळ आलं. काकांनी नातवाला दुसरी टॅक्सी आणून दिली आणि ही आपल्या टेबलावर ठेवली. बारीक करवतीने बॉनेट कापून सुटं केलं. आत काय असणार? पोकळी. त्या पोकळीत पद्मिनीचं इंजिन उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं.

दीड थेंब पाणी

आता जरा गणित करू. भिऊ नका, गंमतीचं आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि आतल्या दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. १:२४ मध्ये तो ६८ मिलिमीटरचा व्यास होतो २.८ मिलिमीटर. म्हणजे साबुदाण्याएवढा! आणि १०८९ सीसीचं काय होतं? इथे नुसतं चोवीसने भागून चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चोवीस पटींनी कमी होतात. म्हणून चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ ने भागायचं. उत्तर येतं ०.०८ सीसी. पाण्याचा दीड थेंब. ज्या इंजिनाने अख्खं कुटुंब आणि डिकीतलं सामान शेकडो किलोमीटर ओढून नेलं, त्याचे चारही सिलिंडर या मापात दीड थेंबात भरतात.

हेच गणित वायरींना लावलं की नवशिक्याची नेहमीची चूक कळते. घरात पडलेली एखादी वायर घ्यायची आणि इंजिनाला चिकटवायची. ती वायर असते एक मिलिमीटर जाड. चोवीसने गुणा. खऱ्या गाडीत ती झाली चोवीस मिलिमीटर, म्हणजे बागेत पाणी घालायच्या नळीएवढी! स्पार्क प्लगला बागेची नळी जोडल्यासारखं ते दिसतं. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. हाच तो दरवाज्यापेक्षा मोठा मावळा.

मग बरोबर माप कोणतं? स्पार्क प्लगची वायर खरी असते सात मिलिमीटर जाड. चोवीसने भागलं की ०.२९. ब्रेकची धातूची नळी पावणेपाच मिलिमीटरची, इथे ती ०.२. रेडिएटरचा रबरी होज साधारण चाळीस मिलिमीटरचा, इथे दीड-पावणेदोन. एखाद्या साध्या बोल्टचं डोकं दहा मिलिमीटरचं, इथे अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

इतक्या बारीक वस्तू मिळतात कुठे? इथे बंगळुरूसारखं शहर कामाला येतं. एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, हा इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा बाजार. शेजारी जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं. तुमच्या गावी एस. पी. रोड नसेल, पण मोटार रिवाइंडिंगचं दुकान असेलच. पंप आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात तांब्याची लॅकर चढवलेली तार गेजवर मिळते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. ३१ गेजची तार ०.२९ मिलिमीटरची, म्हणजे प्लगच्या वायरीला अगदी बरोबर. ३६ गेजची तार ब्रेकच्या नळीला. रेडिएटरच्या होजसाठी १६ गेजची सोल्डर वायर छान. मऊ असते, हवी तशी वळते आणि वळलेली राहते. मात्र तिच्यात शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. पेट्रोलच्या नळीला मासे धरायचा तंगूस.

तारेची जाडी मोजायला महागडं यंत्रही लागत नाही. पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटून घ्या, त्यांची रुंदी पट्टीने मोजा आणि वीसने भागा. सहा मिलिमीटर भरली, तर तार ०.३ ची.

बाकीचं सामान घरातच असतं. पातळ पत्र्यासाठी टूथपेस्टची रिकामी ट्यूब किंवा चॉकलेटची चांदी. तिची केसासारखी पट्टी कापून होजभोवती गुंडाळली की झाली क्लिप. पंख्याच्या पट्ट्यासाठी काळ्या कागदाची बारीक फीत. कार्ब्युरेटरची स्प्रिंग करायची तर ४० गेजची तार शिवणाच्या सुईभोवती गुंडाळायची आणि सुई अलगद काढून घ्यायची. बॅटरी म्हणजे प्लास्टिकचा सेंटीमीटरभर लांबीचा ठोकळा. पण जुन्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहा बुचं असतात, पाच नव्हे आणि सात नव्हे! किटमध्ये भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना लागून येतात, त्या काड्याही फेकायच्या नाहीत. मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरून काडी गरम करायची, मऊ पडली की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढायची. चाशनीची तार निघावी तसा प्लास्टिकचा धागा निघतो. ज्या गृहिणीला एकतारी आणि दोनतारी पाक कळतो, तिला हे पहिल्या फटक्यात जमेल.

‘स्टार्ट आगल्ल, सार!’

सगळ्यात कसोटी पाहणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘डेल्को’ म्हणतात. प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा हा वाढपी. त्याच्या टोपीत मधोमध एक वायर येते आणि कडेच्या चार वायरी चार प्लगांना जातात. १:२४ मध्ये ही टोपी जेमतेम तीन मिलिमीटरची. तिला पाच भोकं पाडायची! काकांनी त्यावर युक्ती काढली. भोकं पाडायचीच नाहीत. जाड वायरीचं तांबं ओढून काढायचं, उरलेल्या प्लास्टिकच्या नळीचा मिलिमीटरभर तुकडा कापायचा, त्यातून पाच तारा एकत्र ओवायच्या आणि फेव्हिक्विकचा एक टिपूस सुईच्या टोकाने सोडायचा. झाली टोपी तयार.

तारा बसल्या, इंजिन झोकात दिसायला लागलं. काका ते घेऊन जे. सी. रोडवर गेले. तिथे एक जुना मेकॅनिक त्यांच्या ओळखीचा. त्याने चष्मा वर केला, मॉडेल डोळ्यांजवळ धरलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, ‘‘स्टार्ट आगल्ल, सार!’’ म्हणजे, गाडी सुरू होणार नाही, साहेब!

काका चकित झाले. प्लास्टिकची गाडी सुरू कशाला होईल? पण मेकॅनिकचं म्हणणं वेगळंच होतं. वायरी एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावल्या होत्या. या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम आहे एक, तीन, चार, दोन. चार सिलिंडरच्या अशा इंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या बरोबरच वर येतात, दुसरा आणि तिसरा बरोबर खाली जातात. त्यामुळे एकानंतर दोघांपैकी एकाचीच पाळी येऊ शकते, दुसऱ्याची किंवा तिसऱ्याची; आणि त्यानंतर चौथ्याची. ओळीने एक-दोन-तीन-चार कधीच जमत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर गोल फिरत गेलं की वायरी त्याच क्रमाने निघायला हव्यात.

काकांनी घरी येऊन चारही वायरी काढल्या. पुन्हा नव्याने बसवल्या. तीन आठवडे गेले. काका म्हणाले, ‘‘अहो, तीस वर्षं गाडी चालवली. दर रविवारी बॉनेट उघडून पुसली. पण वायर कुठून कुठे जाते, हे मला आत्ता कळलं.’’

मला वाटतं, ‘जे दिसणार नाही त्यासाठी एवढी खटपट कशाला’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. नळी चिकटवायची तर ती कुठून निघते आणि कुठे पोहोचते, हे ठाऊक असावं लागतं. आणि ते ठाऊक करून घ्यायचं तर ती नळी करते काय, हे समजून घ्यावं लागतं. गाडी चालवताना हे लागत नाही. विकत घेताना तर मुळीच लागत नाही. ते लागतं फक्त स्वतः करताना.

एवढंच एक मापात नाही

दुसरं उत्तर मला काकांनी सांगितलं नाही. ते मी पाहिलं.

जुन्या गाड्यांचा उन्हाळ्यातला एक आजार होता, व्हेपर लॉक. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच असे. मे महिन्याच्या उन्हात, चढावर, इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही, कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि धडधाकट गाडी रस्त्यात बसते. त्यावर देशभरचा घरगुती उपाय एकच: ओलं फडकं! पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. पाणी वाळता वाळता उष्णता घेऊन जातं, पंप थंड होतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. माठातलं पाणी गार होतं, तेच हे शास्त्र.

काका दर सुट्टीत बंगळुरूहून कोल्हापूरला गाडीनेच जायचे. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव अशी ती सहाशे किलोमीटरहून मोठी मजल. मुलं मागे, काकू पुढे. चित्रदुर्गाच्या आसपास गाडी हटकून बसायची. काकूंनी जुन्या सुती साडीचं एक फडकं गाडीत कायमचं ठेवलेलं असे. गाडी थांबली की त्या काही न बोलता उतरायच्या, तांब्यातलं पाणी त्यावर ओतायच्या आणि काकांच्या हातात द्यायच्या. पुढे पुढे तर गाडी थांबायच्या आधीच फडकं भिजलेलं असे.

काकांच्या मॉडेलमध्ये पेट्रोल पंप आहे. चार मिलिमीटरचा. त्यावर एक फडकं गुंडाळलेलं आहे.

या छंदातले जाणकार सांगतील की १:२४ मध्ये खरं कापड कधी वापरू नये. सुती धागा पाव मिलिमीटर जाड धरला, तरी चोवीस पटींनी तो सहा मिलिमीटरचा दोरखंड होतो. फडकं न दिसता गोणपाट दिसतं. म्हणून कापड दाखवायचं तर टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकोलमध्ये बुडवून वापरतात. हे काकांना ठाऊक नव्हतं थोडंच? सीटवरची चादर त्यांनी टिश्यू पेपरचीच केली आहे आणि ती फर्मास दिसते.

पंपावरचं फडकं मात्र खऱ्या साडीचं आहे. फिकट जांभळ्या, नखाएवढ्या तुकड्याचं. मी काही विचारलं नाही. भिंग उतरवत काका आपणहूनच म्हणाले, ‘‘सगळं मापात आहे. एवढंच एक मापात नाही.’’

आणि त्यांनी बॉनेट लावलं.

वाचकहो, हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलंत तर बहुधा एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसेल. त्याखाली इंजिन आहे, एवढ्यावर विश्वास ठेवायचा. विजेवर चालणाऱ्या गाडीत तेही नाही. आणि अशा गाड्यांची सुरुवात करून देणारी ‘रेवा’ याच बंगळुरूत २००१ साली रस्त्यावर आली, हेही लक्षात ठेवायला हवं. धूर गेला, व्हेपर लॉक गेला, चांगलंच झालं. ॲम्बॅसॅडरही २०१४ मध्ये थांबली. कुणी रडत बसायचं कारण नाही. पण ज्या यंत्रांशी आपल्या दोन पिढ्यांचा संसार जोडलेला होता, ती आतून कशी होती हे सांगणारे मेकॅनिक आणि मालक आता म्हातारे झाले आहेत. त्यांना विचारून घ्यायचं तर आत्ताच. मॉडेल हे त्या विचारपुशीला एक निमित्त.

करून पाहायचं असेल, तर पहिल्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरला हात घालू नका. इंजिन असलेला एखादा साधा किट घ्या आणि त्यात तीनच गोष्टी करा: प्लगच्या वायरी, रेडिएटरचे दोन होज आणि बॅटरीच्या दोन केबल. एवढ्यानेच इंजिन जिवंत वाटायला लागतं. चकचकीत रंग टाळा. इंजिन काही लग्नातली भांडी नव्हे. रंग वाळल्यावर पातळ केलेला काळपट तपकिरी हात खाचांतून फिरवा, वर्षांचं ऑइल-धूळ आपोआप येते. काम पांढऱ्या ताटात करा, म्हणजे खाली पडलेला भाग जमीन गिळणार नाही. खिडकी उघडी ठेवा, कारण थिनर आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा वास बंद खोलीत चांगला नाही. ब्लेड आणि मेणबत्ती मोठ्यांच्या हातात. मुलांनी मोजायचं, वेढे घ्यायचे आणि प्रश्न विचारायचे.

खरं इंजिन आतून पाहायचं, तर बंगळुरूत कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात इंजिनांचं स्वतंत्र दालन आहे. १९६२ साली उभं राहिलेलं हे संग्रहालय मुलांना घेऊन अर्धा दिवस पाहावं असं आहे. विमानांची इंजिनं पाहायची, तर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं २००१ पासूनचं संग्रहालय आहे. आणि गावातच असाल तर कोपऱ्यावरचं गॅरेज कुठे गेलंय? दुपारी चहाच्या वेळी जा. त्या मेकॅनिकला चहा पाजा आणि विचारा, ‘‘ही नळी कुठे जाते हो?’’

तो सांगेल. बहुतेक जरा जास्तच सांगेल. वही बरोबर न्या.